चमचा, मेणबत्ती आणि आतड्याची भिंत

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मग पाहुणेरावळे, मग पावसात आठवडाभर इंटरनेटने मान टाकली. असो. आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे. घरच्या मंडळींनी तरी कंटाळा न करता शेवटपर्यंत वाचावा, कारण तो आपल्या घरातूनच निघाला आहे.

गेल्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. भाचा म्हणजे आमच्या अण्णांचा धाकटा. पन्नाशीला टेकलाय, मधुमेहाला नऊ वर्षं झाली. म्हणाला, "आत्या, एक नवीन टेस्ट निघाली आहे. आतड्याची भिंत गळते का ते रक्तावरून कळतं. ती गळत असेल तर पुढे किडनी जाते म्हणे. अण्णांचं तसं झालं म्हणून विचारतोय. सात-आठ हजार पडतील. करू का?"

आता हा प्रश्न मला का? मी बी.ए., तेही मराठी माध्यमातून, आणि उभा जन्म शाळेत इतिहास शिकवला. विज्ञानाच्या तासाला मी बदली शिक्षिका म्हणूनसुद्धा कधी गेले नाही. पण अण्णांच्या शेवटच्या दोन वर्षांत डायलिसिसला त्यांच्याबरोबर जाणारी मीच होते, म्हणून विचारलं असावं. मी म्हटलं, "अरे, मला इतिहास तेवढा कळतो. ही टेस्ट कुठून आली ते बघते. दोन आठवडे दे."

मग नातीला शेजारी बसवलं. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. ती वाचून सांगायची, मी वहीत उतरवायचे. अडलं की ती चिडायची, मग चहा करून द्यायची. त्या वहीतलं हे टिपण.

गोष्ट सुरू होते लंडनच्या गाईज हॉस्पिटलात. (आपल्या गाईशी संबंध नाही. थॉमस गाय नावाच्या पुस्तकविक्रेत्याने १७२१ मध्ये ते स्थापन केलं.) हे नाव लक्षात ठेवा. या गोष्टीत ते तीनदा येणार आहे.

पहिल्यांदा येतं ते रिचर्ड ब्राइट या डॉक्टरमुळे. अंगावर सूज आलेले रोगी तेव्हा पुष्कळ असत. पोटात पाणी, पायावर सूज, डोळ्यांखाली फुगवटा. याला जलोदर वगैरे म्हणत आणि कारण कोणालाच नीट माहीत नसे. ब्राइट काय करत असे, तर रोग्याची थोडी लघवी चमच्यात घेऊन तो चमचा मेणबत्तीवर धरत असे. आपण फोडणीची पळी गॅसवर धरतो तसा. निरोगी माणसाची लघवी नुसती तापते. काही रोग्यांची मात्र तापल्यावर पांढरी, दह्यासारखी गोठायची. अंड्याचा पांढरा भाग उकळल्यावर जसा घट्ट होतो, अगदी तसं. कारणही तेच. अंड्यातलं आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे एकाच जातीचं द्रव्य. जे रक्तात राहायला हवं ते लघवीत उतरत होतं.

हे गोठणं ब्राइटच्या आधी इटलीत डोमेनिको कोतुन्योनेही पाहिलं होतं. पण ब्राइटने पुढचं काम केलं. तो रोगी दगावल्यावर शवविच्छेदन करून मूत्रपिंडं पाहायचा आणि चमच्यात जे दिसलं त्याच्याशी ताडून बघायचा. १८२७ मध्ये त्याने हे सगळं ग्रंथरूपाने छापलं. लघवी गोठते, अंग सुजतं आणि आत मूत्रपिंड बिघडलेलं सापडतं, हे तिन्ही धागे त्याने एकत्र बांधले. पुढे शंभर वर्षं मूत्रपिंडाच्या या दुखण्याला ब्राइटचा आजार म्हणत.

मला या माणसाचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी, की त्याच्याकडे होता एक चमचा आणि एक मेणबत्ती. बाकी सगळी चिकाटी.

आता मधुमेह. तो आपल्याकडे फार जुना. ज्याच्या लघवीला मुंग्या लागतात तो रोगी, हे आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत आहेच. १७७६ मध्ये इंग्लंडात मॅथ्यू डॉब्सनने रोग्याची लघवी आटवून खाली उरलेली साखर दाखवली. पण मधुमेह आणि मूत्रपिंड यांचं नातं नीट कळायला फार उशीर लागला. त्याचं एक मोठं कारण ऐकून मी गप्प झाले. रोगी तेवढे जगतच नसत. किडनी बिघडायला दहा-पंधरा-वीस वर्षं लागतात. तरुणपणी मधुमेह झालेली मुलं तर वर्ष-दोन वर्षांत जायची.

जानेवारी १९२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो शहरात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, आणि चित्र पालटलं. माणसं जगू लागली. जगू लागली म्हणून पुढचं दुखणं दिसू लागलं. १९३६ मध्ये पॉल किमेलस्टील आणि क्लिफर्ड विल्सन या दोघांनी मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळण्यांत साचलेल्या गोल गाठींचं वर्णन केलं. मधुमेहात किडनीचं काय होतं याची ती ओळखीची खूण ठरली. औषधाने आयुष्य दिलं आणि त्या आयुष्याने नवा आजार दाखवला. इतिहासात असं फार वेळा होतं.

आता आतडं या गोष्टीत कुठून शिरलं? तर पुन्हा गाईज हॉस्पिटल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात एका कल्पनेने जोर धरला. पॅरिसच्या शार्ल बुशार या डॉक्टरने ती जोरात मांडली. कल्पना अशी, की मोठ्या आतड्यात अन्न कुजतं, त्यातून विष तयार होतं, ते रक्तात उतरतं आणि माणूस स्वतःच्याच विषाने आजारी पडतो. मूत्रपिंडाचं काम ते विष बाहेर टाकण्याचं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एली मेचनिकॉफनेही ही कल्पना उचलली. हा साधा माणूस नव्हे. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात हे त्याने दाखवलं आणि १९०८ चं नोबेल मिळवलं. म्हातारपण लवकर येतं ते मोठ्या आतड्यातल्या कुजण्यामुळे, असं त्याचं मत. उपाय काय, तर आंबवलेलं दूध, म्हणजे आपलं दहीच. बल्गेरियातले शेतकरी ते खाऊन दीर्घायुषी होतात असं तो सांगे आणि स्वतः रोज खात असे. तो एकाहत्तराव्या वर्षी गेला.

(मुंबईकरांसाठी एक आठवण. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटला ज्याचं नाव आहे, तो वाल्डेमार हाफकिन या मेचनिकॉफचा ओडेसातला विद्यार्थी. गुरूनेच त्याला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आणलं. पुढे १८९७ मध्ये प्लेगची लस त्याने मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली.)

दही खाऊन कोणाचं नुकसान झालं नाही. पण गाईज हॉस्पिटलचे शल्यविशारद सर विल्यम अर्बथनॉट लेन यांनी या कल्पनेवरून सुरी उचलली. हात अत्यंत कुशल. मोडलेली हाडं पट्ट्या आणि स्क्रूने जोडण्यात त्यांचं मोठं नाव होतं. त्यांना वाटलं, विषाचं कोठार जर मोठं आतडं आहे, तर ते काढूनच टाकावं! बद्धकोष्ठाने त्रासलेल्या कित्येक रोग्यांची, त्यातही बऱ्याच बायकांची, आतडी त्यांनी कापली. काहीजण त्यात दगावले. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, म्हणतात ते हेच. बर्नार्ड शॉच्या 'द डॉक्टर्स डिलेमा' या १९०६ च्या नाटकात एक सर्जन आहे. त्याला प्रत्येक रोग्यात एकच विषारी पिशवी दिसते आणि ती कापून काढणं हाच त्याचा उपाय. तेव्हाच्या प्रेक्षकांना हसायला का येत असेल ते आता कळतं.

ही लाट ओसरली ती साध्या प्रश्नांनी. १९१९ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर अल्वारेझने विचारलं, पोट साफ झाल्या झाल्या डोकेदुखी लगेच थांबते, ती कशी? रक्तात विष भिनलं असेल तर ते उतरायला वेळ नको का? १९२२ मध्ये डोनाल्डसन नावाच्या संशोधकाने तर स्वतःहून तयार झालेल्या माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस भरून पाहिला. डोकं जड होणं, अस्वस्थता, सगळी तीच लक्षणं आली. कापसात कुठलं आलंय विष? तिथपासून आतड्यातून विष झिरपतं असं म्हणणाऱ्याकडे शहाणे डॉक्टर संशयाने बघू लागले.

इथे मी वही मिटून नातीला म्हटलं, "झालं की मग. भाच्याला सांगते, हे सगळं थोतांड आहे." ती म्हणाली, "आजी, थांब. अर्धंच झालंय."

तिचं बरोबर होतं. कल्पनेच्या नावावर आतडी कापली गेली म्हणून कल्पना संपूर्ण खोटी ठरत नाही. तिला मोजमाप नव्हतं, एवढंच. विष कोणतं, किती, कुठून आत येतं, याचं उत्तर लेनसाहेबांकडे नव्हतं.

विष कोणतं, याचा एक धागा १८९२ मध्येच सापडला होता. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत रिचर्ड फायफर पटकीच्या जंतूंवर काम करत होता. जंतू मेले तरी त्यांच्या शरीरातच एक विष उरतं असं त्याला आढळलं. त्याला त्याने एंडोटॉक्सिन, म्हणजे अंतर्विष, असं नाव दिलं. (हाच फायफर १८९७ मध्ये जर्मन प्लेग आयोगाबरोबर मुंबईला आला होता. जग किती लहान!) आपल्या आतड्यात असे अब्जावधी जंतू सुखाने राहतात. त्यांच्या कवचाचं हे द्रव्य आतड्यातच राहिलं तर काही बिघडत नाही. रक्तात आलं तर शरीर शत्रू आला समजून जाळपोळ सुरू करतं. हिलाच डॉक्टर दाह म्हणतात.

मग भिंत कोणती? आतड्याचं आतलं अस्तर आणखी पसरून ठेवलं तर बॅडमिंटनच्या साधारण अर्ध्या कोर्टाएवढं भरतं, आणि जाडी अवघी एका पेशीची! पेशीला पेशी खेटून उभी. मधल्या फटींचं काय? १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये मॅरिलिन फार्कर आणि जॉर्ज पलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या फटी पाहिल्या. शेजारच्या दोन पेशी वरच्या टोकाला एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या असतात. हे शिवण त्यांनी आतड्यात, जठरात, मूत्रपिंडाच्या नळ्यांतही दाखवलं. पुढे जपानच्या त्सुकिता यांच्या गटाने या शिवणीतले धागे ओळखले. १९९३ मध्ये ऑक्लुडिन, १९९८ मध्ये क्लॉडिन. शिवण कायमची बंद नसते, ती गरजेप्रमाणे थोडी सैल किंवा घट्ट होते, हेही कळत गेलं.

आणि आता योगायोग बघा. त्याच १९६३ मध्ये गाईज हॉस्पिटल तिसऱ्यांदा गोष्टीत येतं. हॅरी कीन आणि क्लूव्हेराकिस यांनी लघवीतलं अगदी थोडं अल्ब्युमिन मोजायची रीत काढली. ब्राइटच्या चमच्यात जे गोठणारच नाही, इतकं थोडं. त्याच हॉस्पिटलात, सव्वाशेहून जास्त वर्षांनंतर, तोच प्रश्न आणखी बारकाईने विचारला गेला. याला पुढे मायक्रोअल्ब्युमिन म्हणू लागले. नाव फसवं आहे. अल्ब्युमिन लहान नसतं, मात्रा लहान असते.

पण मोजता आलं म्हणजे झालं असं नाही. मोजलेल्या आकड्याला अर्थ आहे का, हे कसं ठरवायचं? या ठिकाणी मला ती मंडळी खरी मोठी वाटली. त्यांनी वाट पाहिली. १९६६-६७ मध्ये इन्सुलिनवर असलेल्या ६३ रोग्यांचं अल्ब्युमिन मोजून ठेवलं होतं. चौदा वर्षांनी त्यांचा माग काढला. ज्या ५५ जणांचा आकडा सुरुवातीला कमी होता, त्यांतल्या फक्त दोघांना किडनीचा आजार झाला. ज्या आठ जणांचा आकडा थोडासाच वाढलेला होता, त्यांतल्या सात जणांना झाला. १९८२ मध्ये व्हिबर्टी, कीन आणि सहकाऱ्यांनी हे छापलं. आठातले सात! मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. का, ते पुढे सांगते.

आता भाच्याच्या टेस्टकडे येऊ. आतड्याच्या भिंतीचे असे आकडे गेल्या वीसेक वर्षांत जमू लागले. २००७ मध्ये पात्रिस कानी आणि फ्रान्समधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांना चार आठवडे चरबीदार खाणं दिलं. त्यांच्या रक्तातलं अंतर्विष दोन-तीन पट वाढलं. मग दुसऱ्या उंदरांना तेवढंच अंतर्विष सावकाश टोचलं, तर तेही जाड झाले आणि त्यांचं इन्सुलिन नीट काम करेना. २००९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी मधुमेहाच्या रोग्यांत रक्तातलं अंतर्विष आणि किडनीचा आजार पुढे सरकणं यांचा संबंध दाखवला. २०१८ मध्ये इस्रायलमधल्या प्रयोगांत दिसलं, की रक्तातली वाढलेली साखरच उंदरांच्या आतड्यातली ही शिवण उसवते.

म्हणजे साखर भिंत सैल करते, सैल भिंतीतून अंतर्विष झिरपतं, त्याने दाह होतो आणि दाहाचा मार मूत्रपिंडाच्या गाळण्यांना बसतो. आता लेनसाहेब हसत असतील, असं मला वाटलं.

पण उलट बाजूही आहे. किडनी बिघडली की युरिया रक्तात साचतो आणि आतड्यातही उतरतो. तिथले जंतू त्याचा अमोनिया करतात आणि तो पुन्हा तीच शिवण उसवतो. अमेरिकेतल्या वझिरी यांच्या गटाने २०१२ च्या सुमारास उंदरांवर आणि पेशींवर हे दाखवलं. २०११ मध्ये इंग्लंडातल्या एका अभ्यासात किडनीचा आजार जसा वाढत जातो तसं रक्तातलं अंतर्विष वाढलेलं आढळलं, आणि सगळ्यात जास्त डायलिसिसवरच्या रोग्यांत. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. मग आतडं आधी की किडनी आधी? कोंबडी की अंडं? मधुमेही माणसाच्या रक्तात हे आकडे वाढलेले दिसले, तर ते कारण आहेत की परिणाम, हे एका टेस्टवरून सांगता येत नाही.

त्यातून भाच्याच्या यादीत पहिलं नाव होतं झोन्युलिन. याची गोष्ट तर फारच बोलकी आहे. अलेस्सिओ फसानो हा संशोधक पटकीच्या जंतूचा अभ्यास करत होता. त्या जंतूचं एक विष आतड्याची शिवण सैल करतं असं त्याच्या गटाने १९९१ मध्ये दाखवलं. मग त्याने विचार केला, की या कुलपाची किल्ली जंतूकडे आहे, तर शरीराकडेही स्वतःची एक असणारच. २००० मध्ये त्याने झोन्युलिन जाहीर केलं. २००९ मध्ये ते द्रव्य म्हणजे प्री-हॅप्टोग्लोबिन-२ असल्याचं त्याच्या गटाने सांगितलं. मग बाजारात ते मोजायचे संच आले, आणि त्या संचांवर जगभर शोधनिबंधांमागून शोधनिबंध निघाले.

२०१८ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी हा संच नेमकं काय मोजतो ते तपासलं. काही माणसांच्या शरीरात जन्मतःच प्री-हॅप्टोग्लोबिन-२ तयार होत नाही. त्यांच्या रक्तात झोन्युलिन शून्य यायला हवं. पण संच त्यांच्यातही आकडा दाखवत होता! म्हणजे तो भलतंच काहीतरी मोजत होता. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटानेही बाजारातले संच तपासून हीच तक्रार केली.

अंतर्विष मोजणंही सोपं नाही. त्याची प्रसिद्ध चाचणी हॉर्सशू क्रॅब या समुद्री जिवाच्या निळ्या रक्तावर चालते. १९५० आणि ६० च्या दशकांत बँग आणि लेव्हिन यांनी तो गुण शोधला. औषधं आणि सलाईन शुद्ध आहेत का हे पाहायला ती उत्तम. पण माणसाच्या रक्तातच तिच्यात ढवळाढवळ करणारी द्रव्यं असतात. म्हणून अंतर्विषाला चिकटणारं एक प्रथिन, आतड्याच्या दुखावलेल्या पेशींतून सुटणारं दुसरं, असे आडवळणाचे आकडे मोजतात. संशोधनाला ते उपयोगी आहेत. उद्या त्यांतला एखादा आकडा किडनीचं भाकीत आधीच सांगूही शकेल. पण त्या ६३ रोग्यांसारखी वर्षानुवर्षं वाट पाहून त्याने आपली परीक्षा अजून पास केलेली नाही.

बरं, आकडा वाढलेला आला तर करायचं काय? इथेही हात बरेचसे रिकामे आहेत. जपानमध्ये आतड्यातली विषं शोषणारा खास कोळसा १९९१ पासून किडनीच्या रोग्यांना देतात, पण २०१५ मध्ये छापलेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत त्याने किडनीचा ऱ्हास थांबवल्याचं सिद्ध झालं नाही. गव्हाच्या ॲलर्जीसारख्या सीलिअॅक आजारासाठी झोन्युलिनवर काढलेल्या औषधाची शेवटच्या टप्प्यातली चाचणी २०२२ मध्ये थांबवावी लागली.

आता त्या न झोपलेल्या रात्रीबद्दल.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. त्यात अण्णांची फाईल आहे. ते २००३ मध्ये गेले, पण ती टाकवली नाही. वरून कागद चाळत गेले. १९९४ चा लघवीचा रिपोर्ट सापडला. साखरेपुढे तीन अधिकची चिन्हं. त्याखाली एक ओळ. अल्ब्युमिन, ट्रेस.

हा रिपोर्ट आणायला मीच गेले होते. अण्णा ओसरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "साखर किती?" मी सांगितली. ते म्हणाले, "चला, आता आठ दिवस गोड बंद." मी कागदाला भोक पाडून तो फाईलला लावला. खालची ओळ कोणीच वाचली नाही. मुलांच्या उत्तरपत्रिकेतला ऱ्हस्व-दीर्घ मला दहा फुटांवरून दिसायचा. ही ओळ दिसली नाही.

तीन वर्षांनी अण्णा म्हणू लागले, लघवीला फेस येतो. आम्ही हसण्यावारी नेलं. साबणाचा असेल म्हटलं. २००१ मध्ये डायलिसिस लागलं.

मी स्वतःला उगाच दोष देत बसणारी नाही. त्या काळी फार काही हातात होतं असंही नाही. १९९३ मध्ये कॅप्टोप्रिल या रक्तदाबाच्या गोळीने किडनीचा ऱ्हास मंदावतो हे दिसलं होतं, पण ते लहान वयात होणाऱ्या मधुमेहात. अण्णांसारख्यांसाठी त्याच जातकुळीतल्या गोळ्यांचा तसा पुरावा २००१ मध्ये आला, तोवर ते डायलिसिसच्या दारात होते. पण रक्तदाब तरी चोख ठेवता आला असता. मीठ कमी करता आलं असतं. दुखरे गुडघे म्हणून ते वाटेल त्या गोळ्या घ्यायचे, त्या थांबवता आल्या असत्या. दोन वर्षं मिळाली असती की पाच, कोण सांगणार? भाच्याच्या लग्नात ते असते, एवढं मात्र मला राहून राहून वाटतं.

म्हणून भाच्याला फोन केला. म्हटलं, "अरे, आतड्याची टेस्ट राहू दे. लघवीतलं अल्ब्युमिन तपासलंस का?" तो म्हणाला, "साखर दर तीन महिन्यांनी बघतो ना, आत्या." मी म्हटलं, "साखर नाही. अल्ब्युमिन." पलीकडे शांतता. नऊ वर्षांत एकदाही नाही.

मी त्याला अण्णांच्या कागदाचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "उद्या सकाळी जातो."

काही शे रुपयांची टेस्ट. सकाळची पहिली लघवी, त्यातलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन. प्रमाण तीसच्या आत हवं, त्याचं बेचाळीस आलं. डॉक्टर म्हणाले, एका आकड्यावर घाबरू नका, ताप असला किंवा फार व्यायाम झाला असला तरी वाढतो. तीन महिन्यांत पुन्हा दोनदा बघू, तीनपैकी दोनदा वाढलेलं आलं तर धरायचं. रक्तदाबाची गोळी मात्र लगेच बदलून दिली. आता अण्णांच्या वेळी नव्हती अशी औषधंही आहेत. साखर लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या गोळ्या मधुमेही किडनीला जपतात हे २०१९ मध्ये मोठ्या चाचणीत दिसलं. २०२० मध्ये फिनेरेनोन आणि २०२४ मध्ये सेमाग्लुटाइड यांचाही पुरावा आला. कोणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, माझं ते काम नाही.

भाचा घाबरला आहे. रात्री फोन करून म्हणाला, "आत्या, बेचाळीस म्हणजे वाईट का गं?" मी म्हटलं, "अण्णांच्या कागदावर एक शब्द होता आणि तो आम्ही वाचला नाही. तुझ्या कागदावर आकडा आहे आणि तू तो वाचलास. एवढा फरक पुरेसा आहे. झोप आता." फोन ठेवल्यावर मला मात्र देवापुढे जाऊन बसावंसं वाटलं.

आतड्याची भिंत आणि किडनी यांचं नातं खरं असावं असं मला वाचून वाटतं. माझ्या नातीच्या पिढीत त्याची पक्की चाचणीही निघेल. निघाली की मी पहिली म्हणेन, कर बाबा. तोवर दही खा, ताक प्या, त्याला कोणाची ना नाही. पण ज्यांना मधुमेह आहे त्या सर्वांनी, आणि घरातल्यांची नावं मी इथे लिहीत नाही पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल, वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन तपासावं. आणि रिपोर्ट आल्यावर खालची ओळसुद्धा वाचावी.

अण्णांचा तो कागद मी फाईलमधून काढून भाच्याला पाठवून दिला आहे. म्हटलं, तुझ्या फाईलमध्ये सगळ्यात वर लाव.

असो. फार लांबलं. डोळ्यांत थेंब घालायची वेळ झाली.